सावली राहिली

“मावशी, बर्ड्स आय व्ह्यू म्हणजे काय, आणि तो आला कुठून?” भाचीनं सकाळी फोनवर विचारलं तेव्हा माझी एक चप्पल पायात होती आणि दुसरी हातात. असले प्रश्न नेहमी अशाच वेळी येतात, निवांत बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. शाळेत म्हणे प्रत्येकाला एकेक इंग्रजी वाक्प्रचार वाटून दिला होता. अर्थ, उगम आणि स्वतःचं एक उदाहरण, उद्यापर्यंत. “आई म्हणाली मावशीला विचार, ती दिवसभर तेच करते.” म्हटलं, “तुझी आई काहीही सांगते. मी दिवसभर गच्च्या पुसते.” “मावशी! सिरियसली सांग ना.” “संध्याकाळी सांगते, डोक्यात जरा घोळू दे.” “नेटवरचं नकोय हं, आमच्या बाई लगेच ओळखतात.” “माझ्या डोक्यात नेट नाही, नुसती जळमटं आहेत. ठेव आता, बस जाईल.” ती हसली, मीही हसले. दाराला कुलूप लावताना सवयीनं आत बघून “येते” म्हणाले आणि मग आत कुणी नाही हे आठवलं. हे रोजचं आहे. आता त्याचं काही वाटत नाही, म्हणजे जे वाटतं ते कुलपाच्या आवाजात मिसळून जातं आणि मी जिना उतरायला लागते.

गच्च्या पुसते हे मात्र मी खोटं बोलले नव्हते. आमचं ऑफिस न बांधलेल्या इमारतींची चित्रं कॉम्प्युटरवर काढतं. बिल्डर जमिनीचा तुकडा दाखवतो, ड्रोनवाला वरून फोटो काढून आणतो आणि त्या फोटोत आम्ही अजून नसलेली इमारत अशी बसवतो, की गिऱ्हाइकाला वाटावं ती कधीपासूनच तिथे आहे. कुणी काच करतं, कुणी आकाश. झाडं करणाऱ्याला आम्ही झाडवाला म्हणतो, आणि तो मला सफाईवाल्या बाई. कारण नवी इमारत बसवायच्या आधी आजूबाजूचं खरं गाव साफ करावं लागतं. गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे, मोडक्या खुर्च्या, फाटकी ताडपत्री, रस्त्यावरच्या हातगाड्या आणि माणसं. विशेषतः माणसं. खरी माणसं चित्रात वाईट दिसतात. ती कुठेही थांबतात, डोकं खाजवतात, घोळका करतात. ती पुसायची, म्हणजे शेजारचा फरशीचा तुकडा उचलून त्यांच्यावर ठेवायचा, आणि त्यांच्या जागी आमच्याकडची तयार माणसं आणून सोडायची. हातात हात घातलेलं जोडपं, लॅपटॉपवाली मुलगी, फुगा धरलेलं मूल. इतकी वर्षं झाली, त्या मुलाचा फुगा सुटला नाही आणि ते मूल मोठंही झालं नाही. “बाई, मी दहा सेकंदांत वड लावतो, तुम्ही मात्र माणसं मारता,” झाडवाला म्हणतो. “मारत नाही रे, पुसते. मारायला परवाना लागतो.” या कामात नवख्यांची एक चूक ठरलेली असते. माणूस पुसतात आणि सावली विसरतात. मग चकाचक रिकाम्या चौकात एक लांब सावली एकटीच पडून राहते, आणि कुणाचं लक्ष गेलं की चित्र एकदम भुताचं होतं. ही चूक मी कधी केली नाही. इतरांच्या पकडल्या. “सावली राहिली,” एवढंच मी मान न वळवता म्हणते आणि त्या टेबलावरचं माणूस कपाळावर हात मारून घेतं.

बसमध्ये खिडकीशी बसून मी भाचीच्या प्रश्नाची जुळवाजुळव करत होते. मी काही शिकलेली बाई नव्हे. इंग्रजी मला रद्दीच्या दुकानातून आणलेल्या एका जाडजूड कोशानं शिकवलं, आणि तोही मधल्या पानांपासून, कारण पहिली फाटलेली होती. अर्थ सोपा होता. पक्ष्याच्या डोळ्यानं, वरून, सगळं एकदम बघणं. आपण विहंगम दृश्य म्हणतो आणि मग लग्नाच्या हॉलपासून धबधब्यापर्यंत जे काही बरं दिसेल त्याला विहंगमच म्हणतो. उगम मात्र मजेचा आहे. माणूस पहिल्यांदा फुग्यात बसून आकाशात गेला, त्याच्या आधीच हा शब्दप्रयोग छापून आलेला होता. आणि तशी चित्रं तर त्याच्याही कितीतरी आधीची. जुन्या चित्रकारांनी अख्खी शहरं वरून काढली, घराघराच्या कौलांसकट, आणि त्यांतला एकही कधी वर गेलेला नव्हता. ते बिचारे गल्लीबोळ पायांनी तुडवायचे, मनोऱ्यांवर चढायचे, भिंती मोजायचे, आणि मग घरी येऊन मनानं स्वतःला उचलून हवेत टांगायचे. म्हणजे ज्या जागेवरून ते चित्र दिसतं त्या जागी कधी कुणी उभंच नव्हतं. पक्षीसुद्धा नव्हता. पक्ष्याला काय करायचा आहे व्ह्यू? त्याला खाली हलणारा एक उंदीर दिसतो, तेवढा पुरतो. हे भाचीला आवडेल, उंदराचं नक्की आवडेल, असं मनाशी म्हणत मी उतरले आणि नेहमीप्रमाणे खाली मान घालून ऑफिसकडे चालायला लागले. मी खाली बघूनच चालते. दिवसभर वरून बघण्याची नोकरी करणाऱ्या बाईला रस्त्यात बघण्यासारखं काही उरत नाही, खड्डे सोडून.

टेबलावर एका व्यापारी संकुलाचं काम आलेलं होतं. परवानग्यांत अडकून दीडेक वर्ष पडलं होतं, आता एकदम जागं झालं. “आज जाऊ दे बाई संध्याकाळपर्यंत,” मालक म्हणाले. मालक बोलताना नेहमी चष्मा पुसतात, त्यामुळे ते आपल्याकडे न बघता बोलतात असं वाटतं, आणि ते खरंही असतं. “संकुल तयार आहे, झाडं लागतायत, तुमची सफाई राहिलीय. काचेच्या लिफ्ट आहेत बघा बाहेरून. मस्त दिसतायत.” मी फोटो उघडला. उन्हं कलल्यावर काढलेला. ड्रोनवाले संध्याकाळीच उडवतात, सावल्या लांब पडल्या की इमारती उंच वाटतात. जागा आमच्या घराजवळची आहे हे मला फाईलच्या नावावरून माहीत होतं, पण वरून बघताना आपलं घर पटकन ओळखू येत नाही. आपण त्याला दारातून ओळखत असतो. मी डावीकडून सुरुवात केली, ओळीनं, जशी केर काढताना करतात तशी. एक गच्ची, दुसरी गच्ची. चादरी पुसल्या, पापडासारखं काहीतरी वाळत घातलेलं पुसलं, पतंग अडकलेली तार पुसली. मग तिसऱ्या गच्चीवर एक सावली दिसली आणि माझा हात थांबला.

आधी सावलीच दिसली. माणूस वरून दिसतो तो केवढा, एक ठिपका, दोन खांदे आणि मध्ये टक्कल. सावली मात्र आडवी पडलेली असते, अंगभर, एका बाजूनं बघितल्यासारखी. त्या सावलीनं एका पायावर भार दिला होता, दुसऱ्या पायाची टाच उचललेली. खांद्यावरून पंच्यासारखं काहीतरी लोंबत होतं. आणि डोक्याजवळ एक त्रिकोण होता, कोपराचा, उन्हाकडे तोंड करून कपाळावर हात धरला की होतो तसा. मी चित्र मोठं केलं. मोठं केलं की चौकोन होतात, माणूस फुटतो. पुन्हा लहान केलं. तसा एका पायावर उभा राहणारा माणूस मी सगळ्या जगात एकच पाहिला होता, आणि त्याला जाऊन वर्ष झालं होतं. शेजारी झाडवाला गुणगुणत गुलमोहर लावत होता. माझ्या कानात पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला, आणि मला, बाकी काही नाही, आधी तहान लागली.

नवरा लिफ्टची कामं करायचा. जन्मभर लोकांना वर-खाली न्यायची सोय केली आणि स्वतः राहिला बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. यावर सगळे विनोद करून झाले होते, त्यातले बरेच त्यानंच केलेले. हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, जिना जपून, अगदी नडलं तरच. तेव्हापासून तो घरात. संध्याकाळी मी जिना चढून येऊन दाराला किल्ली लावायच्या आत दार उघडायचं, आणि आत चहा उकळत असायचा. “या मॅडम. आजही खड्डे जागेवर आहेत ना?” मी म्हणायची, “तुला कळतं कसं रे मी आले ते?” “चपलांच्या आवाजावरून.” “तीन मजले खालून?” “लिफ्टवाला आहे मी. खाली दोर हलला तरी वर कळतं.” मी हसून चपला काढायची. तो जरा धापत असायचा, पण तो तेव्हा बसल्या जागीही धापायचा. पाणी भरून ठेव म्हटलं तर दम लागतो म्हणायचा, आणि मी चिडायची, दिवसभर तू एकाच खुर्चीत बसतोस म्हणायची. तोही चिडायचा, मग चहा प्यायचो. दुखण्याच्या घरात भांडायलाही विषय कमी पडतात, फिरून फिरून तेच येतात. आणि मग त्या दिवशी बस बंद पडली, मला यायला खूप उशीर झाला, आणि आले तर जिन्यात माणसं. तो आमच्या मजल्याच्या वर पडला होता, गच्चीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर. खाली नव्हे, वर. वर का, हे कुणालाच कळलं नाही. समोरच्या काकू म्हणाल्या पाण्याची टाकी बघायला गेले असतील. ते वाक्य घरभर झालं. नणंद दहा माणसांत रडता रडता मला म्हणाली, “वहिनी, त्याला टाकी बघायला पाठवायची काय गरज होती गं?” मी पाठवलं नव्हतं. “मी नाही पाठवलं” असं मी एकदाच म्हणाले, आणि ते इतकं खोटं ऐकू आलं की पुन्हा म्हणाले नाही. वर्षभर मात्र मनात तेच दळत होते. टाकीचं मी कधी काही बोलले होते का? पाणी कमी येतंय असं? कुठल्या सकाळी? स्वयंपाक करताना, केस विंचरताना, बसमध्ये. सापडत नव्हतं आणि सुटतही नव्हतं.

आता तो समोर होता आणि टाकी त्याच्या पाठीमागे होती. टाकीकडे त्याची पाठ होती. त्याच्या पायाशी एक पांढरा गोल ठिपका, मी तोही ओळखला, आणि मला वाटलं हे ओळखलं नसतं तर बरं झालं असतं. रंगाचा रिकामा पत्र्याचा डबा, उपडा घातलेला, वर गोणपाटाची घडी. बसायला. तो गेल्यावर एकदा टाकी बघायला खरंच मीच वर गेले होते, तेव्हा तो डबा कठड्याशी होता. “हे सामान कुणी आणून टाकलंय इथे?” म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरींशी कडाकडा भांडले आणि भंगारवाल्याला तो स्वतःच्या हातानं दिला. गोणपाटासकट. म्हणजे एकदाच नाही, रोज. उभं राहवत नसेल तेव्हा बसायला म्हणून कुणीतरी डबा वर नेतो, तो रोज जाणाराच नेतो. पण बघायचा काय तो? मी माझं काम केलं. त्याच्या डोक्यातून एक रेघ काढली, सावलीच्या बरोबर उलट दिशेला, कारण तो उन्हाकडे तोंड करून उभा होता. रेघ पुढच्या इमारतीच्या कोपऱ्याला घासून गेली, दोन इमारतींच्या मधल्या फटीतून उतरली आणि रस्त्यावर पडली. अगदी थोडासा रस्ता, एका खोलीएवढा. बसस्टॉपवरून येणारं माणूस तिथे चार पावलं दिसेल आणि पुन्हा झाकलं जाईल. त्या तुकड्यात एक ठिपका होता. हिरवी पिशवी, ऑफिसनं सगळ्यांना वाटलेली, डाव्या खांद्यावर. केसांचा भांग वरून स्वच्छ दिसत होता, कारण मान खाली होती.

मी खुर्चीत मागे टेकले. कधीचा दिवस होता तो? कुठल्याही दिवसासारखा. मी त्या फटीतून चालत होते आणि बहुधा संध्याकाळी कुठली भाजी करायची याचा विचार करत होते, आणि वर तो कपाळावर हात धरून मला शोधत होता. मी दिसले की तो वळणार, डबा कठड्याशी सारणार, गच्चीचं दार ओढून घेणार, कठडा धरून एकेक पायरी उतरणार, आधण ठेवणार. मी जिना चढेपर्यंत त्याला तेवढा वेळ पुरायचा. चपलांचा आवाज म्हणे. लबाड. आणि बस बंद पडली त्या दिवशी? त्या दिवशी तो वर गेला असेल, वाट बघितली असेल, अंधारायला लागलं म्हणून खाली आला असेल, आणि मग चैन न पडून पुन्हा वर चढायला लागला असेल. मला आजवर वाटायचं उत्तर मिळालं की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही, नुसतं दुसऱ्या जागी सरकलं, आणि तिथे जास्त दुखायला लागलं. टाकीसाठी गेला असता तर मी कुणावर तरी रागावू शकले असते. आणि सगळ्यात वाईट हे, की त्या क्षणी आम्ही दोघं एका फ्रेममध्ये होतो, आणि ते बघायला वर एक यंत्र सोडून कुणी नव्हतं. मी वर पाहिलं असतं तर मला तो दिसला असता. नुसती मान उचलायची होती. त्यानं हात हलवला असता, मी रागावले असते, वर कशाला चढलास म्हणून घसा फोडला असता, आणि भांडायला निदान एक नवीन विषय मिळाला असता.

“बाई, झालं का?” मालकांनी आतून विचारलं. “होतंय,” म्हणाले. मूळ फोटो राहणारच होता कुठेतरी, तो मी मागून घेतला असता तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण इथलं पुसायचं होतं आणि पुसणारा हात माझा होता. दुपारभर मी बाकीचा सगळा फोटो साफ केला. इतका नेटका की मालकांनी तो फ्रेम करावा. मग स्वतःला पुसलं. त्याला काहीच वेळ लागला नाही. रस्त्याचा एक तुकडा उचलून ठेवला, सावलीवरही ठेवला, गेले. मग गच्चीवर आले. फरशीचा तुकडा उचलला, आणि मला वाटलं आता हा वळेल आणि म्हणेल, मॅडम, आज लवकर? टक्कल झाकलं, खांदे झाकले, डब्याचा पांढरा गोल झाकला. मग कर्सर सावलीवर नेला. कोपराचा त्रिकोण, उचललेली टाच, खांद्यावरचा पंचा. मी काम बंद केलं आणि फाईल पुढे पाठवून दिली.

थोड्या वेळानं मालकांनी हाक मारली. त्यांच्या मोठ्या पडद्यावर आमची गच्ची होती. “बाई, ही सावली कुणाची?” चष्मा पुसता पुसता त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “राहिली.” “तुमच्याकडून?” एवढं ऐकून झाडवाला उठूनच आला. “बाईंची सावली राहिली! पार्टी घ्या आता बाईंकडून. सरका, मी तिथे एखादा माणूस ठेवून देतो. फुगेवालं पोरगं ठेवू?” “नको,” मी म्हणाले. ते जरा मोठ्यानं म्हटलं गेलं असावं, कारण आकाश करणारी मुलगीही वळून बघायला लागली. “नको. तिथे कुणी नको.” मालकांनी पहिल्यांदाच चष्मा लावून माझ्याकडे बघितलं. त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक. मग ते पडद्याकडे वळले आणि म्हणाले, “राहू दे. संकुल सोडून त्या गच्चीकडे कोण बघतंय.” आणि फाईल गेली. काही दिवसांनी ते चित्र चौकात लागेल, दोन मजली उंच. लोक त्यातल्या काचेच्या लिफ्ट बघतील. त्यालाही त्या आवडल्या असत्या. दोर कुठला, मोटर कुठली, मला घोळवून घोळवून सांगितलं असतं.

संध्याकाळी बसमधून उतरल्यावर मी त्या फटीत आले आणि थांबले. मागून येणारा माणूस माझ्यावर आदळला. “ओ मावशी, रस्त्यात काय?” मी वर पाहिलं. आमच्या गच्चीचा कठडा, टाकीची काळी पाठ, कुणाची तरी निळी चादर. एवढंच. मग घरी आले, कुलूप उघडलं नाही, आमच्या दारावरून तशीच वर गेले. डबा भंगारात दिला त्या एका खेपेनंतर मी त्या पायऱ्या टाळत आले होते. त्या खालच्या पायऱ्यांसारख्याच आहेत, फक्त थोड्या उंच. मध्ये थांबावं लागलं. त्याला किती वेळा थांबावं लागत असेल ते पायांना आपोआप कळत होतं. वर कठड्याशी, जिथे डबा असायचा तिथे, फरशीवर गंजाचं एक गोल कडं उमटलेलं होतं. मी त्यात उभी राहिले. तेवढ्यात फोन वाजला.

“मावशी, संध्याकाळ झाली,” भाची म्हणाली. मी तिला सांगितलं. अर्थ सांगितला. उगम सांगितला, फुग्याच्या आधीचा, वर कधीच न गेलेल्या चित्रकारांचा. उंदराला ती अपेक्षेप्रमाणे हसली. “आता उदाहरण. स्वतःचं हवंय.” म्हटलं, लिहून घे. “बर्ड्स आय व्ह्यूमध्ये गच्चीवर वाट बघणारा माणूस आणि रस्त्यानं खाली मान घालून येणारी त्याची बायको एकाच वेळी दिसतात.” ती पुटपुटत लिहीत होती. मग म्हणाली, “आणि मग? ती वर बघते का?” “ते चित्र आहे गं. चित्रात मग नसतं.” “असं कसं? जरा बोअरच आहे हे मावशी. पण चालेल.” मग म्हणाली, “तू कुठे आहेस? वाऱ्याचा आवाज येतोय.”

“गच्चीवर.”

“आत्ता? कशाला?”

“टाकी बघायला,” मी म्हणाले, आणि फोन ठेवला.

ऊन थेट डोळ्यांत येत होतं. कपाळावर हात धरल्याशिवाय काही दिसेना, म्हणून हात धरला. खाली दोन इमारतींच्या मध्ये रस्त्याचा तो तुकडा होता, इतका लहान की पापणी लवली तर येणारं माणूस निघून जावं. बरीच माणसं आली आणि गेली. मग कुणीतरी बाई आली, माझ्याएवढीच असेल, खांद्यावर पिशवी, मान खाली. मी तिला ओळखत नव्हते. मी दुसरा हात वर करून हलवला. तिनं अर्थातच वर पाहिलं नाही.